लोकलचं टाइमटेबल पाठ, भरतीचं कधी करणार?

बदलापूरहून सुटणारी फास्ट किती वाजता, ती चुकली तर मागून कुठली, अंबरनाथला बसायला मिळेल अशी कुठली, उल्हासनगरला उतरताना कुठल्या डब्यासमोर जिना येतो... हे तुम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. आपण कर्जत लाइनची माणसं. टाइमटेबल आपल्या अंगात भिनलेलं असतं. एक मिनिट उशीर झाला की काय होतं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

आता दुसरा प्रश्न. येत्या शनिवारी हरिहरेश्वरला पूर्ण भरती किती वाजता आहे?

उत्तर येत नसेल तर हा लेख तुमच्यासाठीच आहे. कारण सबमिशन संपली, थंडी पडली की तुमच्या कॉलेजच्या ग्रुपवर ‘बीच’ हा शब्द येणारच. आधी गोव्याचा प्लॅन होईल. तो नेहमीप्रमाणे कॅन्सल होईल. मग अलिबाग निघेल. त्यावर कुणीतरी म्हणेल, ‘अलिबागला काय जायचं, तिथे अर्धं ठाणं भेटतं, काहीतरी ऑफबीट बघा.’ मग नावं येतील दिवेआगर, हरिहरेश्वर, वेळास, केळशी. छोटी गावं, रिकामे किनारे, चालायला पायवाटा. पुढचे तीन दिवस ग्रुपवर चर्चा होईल ती बजेटची, गाडी कुणाची, स्पीकर कोण आणणार, रील कुठे शूट करायची आणि सनसेट कुठून भारी दिसतो याची. भरती-ओहोटी कुणीही विचारणार नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही चर्चा उलट्या टोकाने सुरू झाली पाहिजे. समुद्रकाठच्या छोट्या गावात जायचं असेल तर आधी त्या गावाचं घड्याळ समजून घ्या आणि आपला प्लॅन त्यात बसवा. आपला प्लॅन आधी ठरवून समुद्राला, कासवाला नि होमस्टेच्या काकूंना त्यात बसवायला गेलं की गडबड होते. कधी ती हसण्यावारी नेण्यासारखी असते, कधी जीव घेणारी.

मुरुडचा सोमवार

१ फेब्रुवारी २०१६, सोमवार. पुण्यातल्या एका कॉलेजची सहल मुरुडच्या किनाऱ्यावर आली होती. त्या दुपारी समुद्रात १४ विद्यार्थी बुडाले. आपल्याच वयाची मुलं-मुली, डबे घेऊन, फोटो काढत आलेली. आज कॉलेजात असलेल्यांपैकी बरेच जण तेव्हा शाळेत होते, त्यामुळे ती बातमी आपल्याला आठवतही नसेल. पण सहलीचं नाव काढल्यावर घरचे लगेच ‘पाण्यात जायचं नाही’ असं का म्हणतात, ते त्या दिवसात आहे.

त्यानंतर काय झालं? सहलींसाठी नियम आले, पालकांची हमीपत्रं आली आणि बऱ्याच कॉलेजांनी समुद्रावर सहल न्यायचंच नको असं ठरवलं. मुलं मात्र जायची थांबली नाहीत. कॉलेजच्या बसने, शिक्षकांबरोबर जाणारी मुलं आता मित्राच्या गाडीने, कुणालाही न सांगता जातात. आपल्याकडे कोंडेश्वरला दरवर्षी पावसाळ्यात हेच बघतो आपण. मनाईचा आदेश निघतो, रस्त्यावर पोलीस उभे राहतात, पोरं मागच्या वाटेने धबधब्यावर पोहोचतात. आणि एखाद्या रविवारी नको ती बातमी येतेच.

बंदीने माणूस पाण्यापासून लांब राहत नाही, फक्त लपून जायला शिकतो. पाणी कसं वागतं हे मात्र त्याला कुणी शिकवत नाही. आपल्याला लॉगॅरिदम शिकवतात, अकाउंट्स शिकवतात. समुद्राचं गणित त्याहून सोपं आहे. कोकणातल्या माणसाला ते बोटांवर येतं.

तिथीची पाऊणपट

घरच्या भिंतीवर कॅलेंडर असेल. त्यात तारखेखाली बारीक अक्षरात तिथी लिहिलेली असते, जी आपण फक्त गणपती आणि दिवाळीला बघतो. ज्या दिवशी जाणार त्या दिवशीची तिथी बघा. तिला पाऊणने गुणा. जे येईल ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. त्यात सहा मिळवा, पूर्ण ओहोटी.

उदाहरण घेऊ. पंचमी आहे. पाचाची पाऊणपट म्हणजे पावणेचार. पहाटे पावणेचारच्या सुमाराला भरती, पुन्हा दुपारी चारच्या आसपास भरती. ओहोटी सकाळी पावणेदहाला. म्हणजे खडकांवर चालायचं तर सकाळी. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला भरती. याचा अर्थ काय, बघा. अष्टमीच्या शनिवारी तुमचा सनसेट आणि पूर्ण भरती एकाच वेळी येणार. ज्या खडकावर दुपारी बारा वाजता कोरड्या पायाने जाता आलं, त्यावर संध्याकाळी ‘गोल्डन अवर’ला जाऊन बसाल, तर परत यायची वाट पाण्याखाली गेलेली असेल. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, तर ओहोटी संध्याकाळी सव्वापाचला. तेव्हा सनसेटला किनारा मोकळा मिळेल. कृष्ण पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून एक, दोन, तीन असंच मोजायचं. अमावास्या म्हणजे पंधरा.

दुसऱ्या दिवशी हीच वेळ साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. त्यामुळे ‘मागच्या वेळी आलो होतो तेव्हा इथे पाणी नव्हतं’ या वाक्याला काही अर्थ नाही. मागच्या वेळी तिथी वेगळी होती.

आणखी एक गोष्ट. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती मोठी असते. कोकणात तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमाराला पाणी कमी चढतं-उतरतं, तो भांग. उधाणाच्या वेळी तेवढ्याच सहा तासांत कितीतरी जास्त पाणी आत यायचं असतं, त्यामुळे ते भराभर येतं. पावसाळ्यात मुंबईच्या बातम्यांत ‘आज साडेचार मीटरपेक्षा मोठी भरती’ असा इशारा येतो ना, तो याचाच. त्यात कोकणातले अनेक किनारे सपाट आहेत. सपाट किनाऱ्यावर पाण्याची पातळी थोडीशी वाढली तरी पाणी खूप आत येतं. वाळूत गाडी घालून डोनट मारणाऱ्यांची गाडी रुतते आणि तासाभरात लाटा बॉनेटवर येतात, त्या व्हिडिओंमागचं गणित हेच.

ही पाऊणपट म्हणजे ढोबळ अंदाज आहे. तासाभराचा फरक पडू शकतो, वारा-पावसाने आणखी. त्यामुळे आधी इंटरनेटवर त्या बंदराचं भरतीचं कोष्टक बघा आणि गावात पोहोचल्यावर किनाऱ्यावरच्या माणसाला विचारा. पण गणित येत असलं की निदान विचारायचं काय, हे तरी कळतं.

तसंच पाण्यात शिरायच्या आधी पाच मिनिटं उभं राहून लाटा बघा. दोन बाजूंना लाटा फुटताहेत आणि मधला पट्टा शांत दिसतोय, तर तो शांत पट्टा सुरक्षित नसतो. किनाऱ्यावर आलेलं पाणी बहुतेक वेळा तिथूनच आत परत ओढलं जात असतं. त्यात सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजत बसू नका. आधी किनाऱ्याला समांतर आडवं पोहत त्या ओढीतून बाहेर पडा, मग काठाकडे वळा. ज्याला पोहता येत नाही त्याने गुडघ्याच्या पुढे जाऊ नये. मित्र ‘घाबरतोस काय’ म्हणाला तरीही.

प्रदक्षिणेची वाट

हे गणित कुठे उपयोगी पडतं, ते हरिहरेश्वरला समजतं. रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन तालुक्यातलं हे छोटं देवस्थानाचं गाव. देवळामागून डोंगराला वळसा घालणारी प्रदक्षिणेची वाट आहे. आधी चढ, मग दोन कड्यांच्या मधल्या अरुंद खाचेतून थेट समुद्राकडे उतरणाऱ्या पायऱ्या, आणि पुढे सरळ समुद्राच्या काठचा खडक. लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने त्या खडकाला मधाच्या पोळ्यासारखी भोकं पाडली आहेत. डावा-उजवा विचार न करता माणूस फोन काढतो, इतकं ते देखणं आहे.

पण ही वाट दिवसातून काही तासच माणसांची असते. भरती आली की एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला लाटा, मध्ये उभं राहायला जागा नाही. म्हणून प्रदक्षिणा ओहोटीलाच करायची, असा तिथला रिवाज. कुणाला तो फक्त धार्मिक नियम वाटेल. मला त्यात अनुभवाचं शहाणपण दिसतं. पाणी उतरत असताना निघायचं आणि पूर्ण ओहोटीच्या आसपास वाट संपवायची. पाणी चढायला लागल्यावर निघालात, तर वाटेत प्रत्येक फोटो महाग पडतो. आपल्या भाषेत सांगायचं तर ही शेवटची लोकल आहे. ती तुमच्यासाठी थांबत नाही आणि तिच्यानंतर रिक्षाही मिळत नाही.

वेळासला अलार्म चालत नाही

हरिहरेश्वरजवळच्या बागमांडल्याहून फेरीबोट निघते आणि सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वीला लागते. इकडे रायगड, पलीकडे रत्नागिरी जिल्हा. पुढे बाणकोटचा किल्ला लागतो आणि मग मंडणगड तालुक्यातलं वेळास. नाना फडणवीसांचं हे मूळ गाव. पण आज वेळास म्हटलं की आठवतं ते कासव.

ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या हिवाळ्यात रात्री किनाऱ्यावर येतात, वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालतात आणि खड्डा बुजवून निघून जातात. पूर्वी ती अंडी माणसं उकरून न्यायची, उरलेली कुत्री-कोल्हे खायचे. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन घरटी वाचवायचं काम सुरू केलं. किनाऱ्यावर कुंपण घालून केंद्र केलं, घरट्यातली अंडी काळजीने तिथे हलवायला सुरुवात झाली. २००६ साली कासव महोत्सव सुरू झाला. म्हणजे तुमच्यापैकी बरेच जण आणि वेळासचा महोत्सव जवळपास एकाच वयाचे आहात. त्या सुमाराला समुद्रात गेलेल्या पिल्लांपैकी ज्या माद्या जगल्या, त्या आता स्वतः अंडी घालायच्या वयाच्या आहेत.

मागच्या वर्षी मार्चमध्ये आम्ही पाच मैत्रिणी तिथे गेलो होतो. ज्या घरी उतरलो त्या काकू आमच्या पहिल्याच प्रश्नावर हसल्या. प्रश्न अर्थात ‘पिल्लं किती वाजता सोडणार?’ काकू म्हणाल्या, ‘सगळे येतात ते हेच विचारतात. सकाळी सातला नि संध्याकाळी सहाला जाऊन बघायचं. आली तर आली. त्यांना काय मी अलार्म लावून दिलाय?’

खरंच नसतो. अंडी उबायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात आणि ते दिवस वाळूच्या उबेवर ठरतात. पिल्लू मादी होणार की नर, हेही त्या उबेवरच. वाळू जास्त तापली की माद्या जास्त. घरट्यांवर टोपल्या पालथ्या घातलेल्या असतात. सकाळी आणि संध्याकाळी त्या उचलून बघतात. पिल्लं वर आली असतील तर दोरीच्या मागे उभ्या लोकांसमोर वाळूवर सोडतात. नसतील तर सगळे माघारी.

आम्हाला पहिल्या संध्याकाळी एकही पिल्लू दिसलं नाही. आमच्या शेजारी उभा असलेला एक ग्रुप वैतागला. ‘एवढ्या लांबून आलोय, एखादं तरी दाखवा की,’ असं त्यांचं म्हणणं. तिथल्या कार्यकर्त्याने शांतपणे सांगितलं, ‘उद्या सकाळी या.’ तो ग्रुप रात्रीच निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सात पिल्लं निघाली. तळहाताहून लहान, राखाडी-काळी, वल्ह्यासारखे पाय मारत पाण्याकडे सरकणारी. एकाला लाटेने तीनदा मागे फेकलं. आमच्यातली एक जण न राहवून म्हणाली, ‘उचलून ठेवा ना त्याला पाण्यात.’ तर कळलं की उचलायचं नसतं. वाळूवरची ती धडपड त्याची त्यानेच करायची असते. जन्माच्या किनाऱ्याची खूण तेव्हाच त्याच्यात उतरत असावी, असं शास्त्रज्ञ मानतात. मोठी झालेली मादी पुढे त्याच टापूत परतते.

आता या चित्रात आपली नेहमीची पिकनिक ठेवून बघा. मादी रात्री अंधारात वर येते. किनाऱ्यावर हेडलाइट, शेकोटी आणि स्पीकर असेल तर ती अंडी न घालता परत फिरू शकते. पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात, कारण निसर्गात रात्री समुद्राकडचं क्षितिजच जास्त उजळ असतं. तिथे मोबाइलचे फ्लॅश चमकले की ती भलतीकडे वळतात. गाडीच्या चाकाने वाळूत पडलेला चर आपल्याला दिसतही नाही, पण दोन इंचांच्या पिल्लाला तो खंदक असतो. ऑलिव्ह रिडलेला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जागा आहे, वाघाच्याच यादीत. वाघासमोर आपण फ्लॅश मारायला जात नाही, कारण वाघ उत्तर देतो. कासव देत नाही, एवढाच फरक.

२५ जानेवारी २०२२ रोजी वेळासच्या किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवलं गेलं. पश्चिम किनाऱ्यावर असं पहिल्यांदाच होत होतं, म्हणून तिचं नाव ठेवलं ‘प्रथमा’. पुढे २०२५ साली गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या एका मादीला आधीच टॅग होता. तो २०२१ साली ओडिशात लावलेला! पूर्व किनाऱ्यावरून पश्चिम किनाऱ्यावर येणाऱ्या या बाईचा प्रवास बघितला की आपल्या डाउन लोकलच्या गर्दीची तक्रार करायला लाज वाटते.

‘आम्ही पैसे मोजतो’

आता तुमचे आक्षेप. मी ऑफिसमध्ये नि कॉलेजात हे बोलले तेव्हा तीन ठळक आक्षेप आले.

पहिला : ‘आम्ही पैसे मोजतो, मग आमच्या सोयीने का नको?’ बरोबर, पैसे मोजता. पण नीट बघा, पैसे कशाचे मोजता. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यावर येऊन आदळलं. श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीतल्या नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. पोफळ आज लावली की सुपारी हातात यायला पाच-सात वर्षं जातात. ज्यांचं घर त्या वाडीवर चालायचं, त्यांच्यासाठी मधल्या काळात पाहुण्यांना जेवू-खाऊ घालणं हा आधार ठरला. होमस्टेमध्ये तुम्ही देता ते पैसे खोलीचे असतात, ताटातल्या सोलकढीचे असतात. रात्री दीडला गाणी लावण्याचे नसतात. ज्या शांततेसाठी आणि कासवासाठी पाहुणे येतात, तीच गेली तर पुढच्या वर्षी काकूंच्या घरी कोण येणार? तुमच्या एका रात्रीच्या सोयीची किंमत त्यांच्या पुढच्या हंगामाला पडते.

दुसरा : ‘आम्हाला सुट्टीच दीड दिवसाची. कासवाची वाट बघायला वेळ कुठाय?’ हा आक्षेप खरा आहे. आपल्यातले कितीतरी जण कॉलेज करून नोकरी करतात, कुणी कॅम्पमधल्या दुकानात, कुणी एमआयडीसीत. मग मी म्हणेन, दीड दिवसात चार गावं करू नका. एकच करा. हरिहरेश्वर, दिवेआगर, श्रीवर्धन, वेळास असं सगळं एका वीकेंडला उरकणाऱ्यांना चारही ठिकाणी गाडीच्या काचेतून दिसतं तेवढंच दिसतं. एका गावात चालत फिरा. आगरातल्या पाखाडीतून, देवळावरून, किनाऱ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. चालणाऱ्या माणसाशी गाव बोलतं. ‘कुठले तुम्ही?’ हा प्रश्न गाडीला कुणी विचारत नाही.

तिसरा मुलींचा : ‘घरचे सोडत नाहीत.’ यावर माझ्याकडे जादूचा मंत्र नाही. पण एक निरीक्षण आहे. ‘आम्ही बीचवर जातोय’ म्हटलं की घरी नकार मिळतो. ‘या घरी उतरणार, हा त्यांचा नंबर, या दिवशी या तिथीला जातोय, ओहोटी इतक्या वाजता, तेव्हाच खडकावर जाणार, पाण्यात नाही,’ असं कागदावर लिहून दिलं की निदान चर्चा सुरू होते. आमच्या पाच जणींपैकी तिघींना परवानगी अशीच मिळाली. आई-वडिलांना भीती समुद्राची असते, तशीच आपल्या बेफिकिरीचीही असते. दुसरी तरी आपल्या हातात आहे.

आणि जायला गाडी लागतेच असं नाही. दिव्याहून सुटणारी सावंतवाडी गाडी माणगावला थांबते, पुढे एसटी. विठ्ठलवाडी आगार तर आपल्या दारातच आहे, कोकणातल्या गाड्यांची चौकशी तिथे करता येते. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. वेळ लागतो, हे खरं. पण फेरीबोट आणि एसटीने जाणारा माणूस आपोआप गावाच्या वेळेवर येतो. शेवटची फेरी कधी, सकाळची गाडी कधी, हे त्याला विचारावंच लागतं. विचारलं की ओळख होते.

पूल झाल्यावर

हे आत्ताच बोलायला हवं, कारण हे सगळं बदलणार आहे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला आणि मुंबईकरांना अलिबाग जवळ आलं. आता रेवसपासून रेड्डीपर्यंतच्या सागरी महामार्गाचं काम हाती घेतलं आहे. खाड्यांवर पूल येतील. बाणकोटच्या खाडीवरही. गावातल्या आजारी माणसाला दवाखान्यात लवकर पोहोचवायला, पोरांना कॉलेजला जायला पूल हवेतच. तिथल्या लोकांनी आपल्या सहलीसाठी गैरसोयीत राहावं, असं म्हणायचा आपल्याला काही अधिकार नाही.

पण आजवर फेरीबोट एक काम नकळत करत होती. ती गर्दी अडवायची. एका वेळी मोजक्या गाड्या पलीकडे जायच्या. उद्या पुलावरून एका सकाळी हजार गाड्या वेळासला जाऊ शकतील. फेरीने लावलेली शिस्त तेव्हा आपल्याला स्वतःच लावून घ्यावी लागेल. नाहीतर जे आपल्या कोंडेश्वरचं झालं, तेच तिथे होईल. आधी गर्दी, मग बाटल्या, मग अपघात आणि मग बंदी. त्या बंदीत काकूंचा धंदाही बुडेल.

समुद्र आपल्यापर्यंत येतोच

शेवटी आपल्या गावाबद्दल. आपण म्हणतो, समुद्र लांब आहे. पण अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराला लागून वाहणारी वालधुनी उल्हासनगरच्या मधून पुढे कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते आणि उल्हास खाडीतून समुद्राला. भरतीचं पाणी कल्याणपर्यंत वर चढतं. मोठा पाऊस आणि मोठी भरती एकत्र आली की खाडी वरचं पाणी घेईनाशी होते आणि ते आपल्या सखल वस्त्यांत तुंबतं. घरातल्या मोठ्यांना २६ जुलै २००५ विचारा, ते कपाटावर कुठपर्यंत पाणी आलं होतं ते हाताने दाखवतील. म्हणजे भरतीचं टाइमटेबल फक्त पिकनिकपुरतं नाही. ते आपल्या घराचंही आहे.

आणि उलटा हिशोबही आहे. वालधुनीत आपण टाकलेली पिशवी उल्हासनगरला थांबत नाही. ती खाडीतून समुद्रात जाते. कुठल्यातरी किनाऱ्यावर ओहोटीनंतर जो प्लास्टिकचा पट्टा उरतो, त्यात आपला वाटा असतो. किनाऱ्यावर जाऊन ‘किती कचरा करतात इथले लोक’ म्हणायच्या आधी हे लक्षात असू द्या. तिथले लोक कदाचित आपलाच कचरा उचलत असतील.

तर पुढच्या वेळी ग्रुपवर प्लॅन निघाला, की पहिला मेसेज तुम्ही टाका : ‘त्या दिवशी तिथी काय?’ दोन-चार जण हसणारे इमोजी टाकतील. कुणीतरी ‘भटजी आले’ म्हणेल. म्हणू दे. पाऊणने गुणा, सहा मिळवा, वेळ ग्रुपवर टाका. त्याभोवती बाकीचा दिवस बसवा. दुसरा मेसेज, ज्या घरी उतरणार त्यांना फोन करून विचारा, ‘काकू, आम्ही आलो तर चालेल का, आणि कधी आलेलं बरं?’

आठची लोकल आठलाच येते असं नाही, तरी आपण तिच्यासाठी धावतो. समुद्र त्या बाबतीत मध्य रेल्वेपेक्षा वक्तशीर आहे. वेळ विचारून गेलात तर तो बरंच काही दाखवतो.